घरच्या चिंध्या आणि मांजराचे खेळणे



ज्या घरात शिलाई मशीन आहे, त्या घरात मशीनखाली एक गाठोडे असतेच. ब्लाऊजच्या बाहीतून उरलेले तुकडे, परकराच्या कळ्यांची टोके, गणवेशाची पँट आखूड करताना कापलेली पट्टी, अस्तराची कातरण. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, बुलढाणा जिल्ह्यातले कुठलेही गाव घ्या. घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या आपल्या आयाबहिणी तिथे आहेत आणि हे गाठोडेही आहे. मोठ्या तुकड्यांची पिशवी होते, मधल्यांची पायपुसणी होतात. तळहाताएवढ्या तुकड्यांचे काय करावे, हा प्रश्न मात्र दर महिन्याला उरतो. त्या तळहाताएवढ्या तुकड्यांतून घरच्या मांजरासाठी खेळणी कशी शिवावीत, ते या वेळी आम्ही लिहीत आहोत.

काही वाचक म्हणतील, माणसांच्या लेकरांना खेळणी मिळायची मारामार आणि तुम्ही मांजराचे लाड कसले सांगता? आक्षेप रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. हे खेळणे मांजराइतकेच लेकरांसाठी आहे. एका खोलीच्या घरात तीन मुले असतात. त्यात कोणीतरी दप्तरात घालून मांजराचे पिल्लू आणते. पिल्लू महिन्या-दीड महिन्याचे असते तोवर मुले त्याला बोटांनी खेळवतात आणि ते बोटे चावते, त्याची सर्वांना गंमत वाटते. पिल्लाच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसते, की माणसाचे हलणारे बोट म्हणजे शिकार. सहा महिन्यांनी त्याच्या नख्या आणि दात तयार होतात तेव्हा तीच गंमत रक्त काढते. मग मूल रडते, आई घाबरते, इंजेक्शनसाठी धावपळ होते आणि बापाचा दिवसाचा रोज बुडतो. मांजराला पकडायला, चावायला, लाथा झाडायला दुसरे काही मिळाले की मुलांचे हात वाचतात.

पिल्लू आणायची घाईही बरी नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी साडेपाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती तपासून २०१७ साली असे दाखवले, की आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्ले पुढे जास्त आक्रमक होतात. पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळताना किती जोरात चावायचे ते शिकते. तो धडा अर्धवट राहिला की उरलेला धडा आपल्या मुलांच्या हातावर गिरवला जातो. तेव्हा दोन महिने पिल्लाला आईजवळ राहू द्यावे.

आणि कधी बोचकारलेच, चामडी फाटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन दाखवावे. रेबीज हा रोग कुत्र्याप्रमाणेच मांजराकडूनही होऊ शकतो. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही, लस वेळेवर घेतली तर तो रोग टळतो.

आता चिंधीकडे येऊ. चिंधी हा शब्द आपल्या समाजात सहज उच्चारण्यासारखा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत असे लिहून ठेवले आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ म्हणवला जाई. हक्क कसला, ती चालत आलेली विटंबना होती! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले आणि लुगडे कसे नेसावे, जात ओळखू येईल असे दागिने का टाकून द्यावेत, हे त्यांनी समजावून सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि केले. म्हणून एखाद्या म्हाताऱ्या आजीला घरात चिंध्यांचा पसारा पाहून राग आला, तर सुनेने हसू नये. तिचा राग कुठून येतो ते समजून घ्यावे.

पण आज मशीनखाली पडलेली चिंधी त्या चिंधीहून वेगळी आहे. ती आपल्याच हाताने, आपल्याच कात्रीने, पैसे मोजून आणलेल्या कोऱ्या कापडातून कापलेली असते. कोणी ती अंगावर फेकलेली नाही. चिंधी कोणत्या कापडाची, ते कापड कुठून आले, कोणाच्या अंगावर होते आणि त्यावर काय सांडले होते, हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे मांजराच्या जिवासाठीही तोच प्रश्न विचारावा लागणार आहे.

जुने कापड शेवटपर्यंत वापरणे यात कमीपणा नाही, याची एक सुरेख गोष्ट विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. कौशांबीचा राजा उदयन, पालीत उदेन, याच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला वाटले, एवढ्या वस्त्रांचा हा श्रमण काय दुकान मांडणार आहे की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. तेही झिजले की पायपुसणी, पायपुसणी झिजली की धूळ झाडायची फडकी, आणि फडकी फाटली की त्यांचे तुकडे करून चिखलात मळून त्याने जमीन लिंपू. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या वऱ्हाडातल्या आयांनी फाटक्या लुगड्याला दांड घातला, मग त्याची वाकळ केली, वाकळ फाटल्यावर पोतेरे केले. त्या हेच करत होत्या. मांजराचे खेळणे या साखळीतली एक मधली कडी समजावी, पायपुसण्याच्या अलीकडची.

आता कापड निवडू या. सुती कापड सर्वांत चांगले. जुने सुती लुगडे, चादरीचा मजबूत भाग, गणवेशाचे जाड कापड, जीन्सचा पाय, ब्लँकेटचा तुकडा. आमच्या घरच्या मांजराला ब्लँकेटचा उंदीर जितका आवडला तितका भारी सॅटिनचा आवडला नाही. नखी रुतली पाहिजे, एवढीच त्याची अट. जर, टिकल्या, मणी, चमकी लावलेले कापड घेऊ नये. विरविरीत झालेले, बोटाने ओढताच फाटणारे कापडही नको. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे असतील तर ते धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात टाकावेत, कारण त्या गोळ्या मांजराला विषारी असतात. गॅरेजमध्ये ग्रीस-ऑइल पुसलेली फडकी तर हातातही घेऊ नयेत.

आणि एक कापड असे आहे, की ते या गाठोड्यात कधीही येता कामा नये. ते म्हणजे फवारणीचे कपडे. आपला जिल्हा कापसाचा. १८७० साली खामगावचा कापूसबाजार रेल्वेच्या फाट्याने जोडला गेला, तेव्हापासून इथल्या कापसाची गाठ जगाशी बांधली गेली. पण कापसावर औषध मारायला पाठीवर पंप घेऊन कोण जाते? बहुतेक वेळा आपलाच भाऊ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीला नेसलेला शर्ट चार पाण्यांतून काढला तरी त्यातले औषध पूर्ण निघाले अशी खात्री देता येत नाही. त्यात मांजराची आणखी एक अडचण आहे. सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन या जातीची औषधे माणसाचे यकृत बऱ्यापैकी मोडून टाकते, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. आणि मांजर दिवसभर स्वतःचे अंग चाटत असते, म्हणजे अंगाला लागलेले सर्व पोटात जाते. मग तोंडातून लाळ गळते, अंगाला कंप सुटतो, झटके येतात. असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये, मांजराला पोत्यात किंवा टोपलीत घालून तडक पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, वेगळे ठेवावेत. त्यांची ना पिशवी करावी, ना वाकळ. लेकराचे लंगोट तर नाहीच नाही. हे सांगायला मांजराचे निमित्त झाले, एवढेच.

आता मशीनवर बसू.

पहिला उंदीर. वर्तमानपत्राच्या कागदावर पाण्याच्या थेंबासारखा आकार काढावा, लांबी पाच इंच, रुंदी तीन इंच. कागद कापून तो कापडावर ठेवावा आणि सारखे दोन तुकडे कापावेत. शेपटीसाठी एक इंच रुंद पट्टी तीन घड्या घालून शिवावी, लांबी तीन इंचांपुरे. सुतळी किंवा लोकरीची शेपटी लावू नये, कारण पुढे सांगतो. कानाचे दोन छोटे गोल दुमडून घ्यावेत. तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवाव्यात, शेपूट आणि कान मध्ये सरकवावेत आणि कडेपासून पाव इंचावर मशीनची टीप मारावी. त्याच टिपेवर दुसरी टीप मारावी. दीड इंच जागा उघडी ठेवून तिथून उंदीर उलटा करावा. डोळ्यांना बटणे किंवा मणी लावू नयेत. दोऱ्याचे चार टाके घातले की डोळा होतो, आणि मांजराला डोळ्याशी काही कर्तव्य नसते. डोळा मुलांच्या समाधानासाठी असतो.

भरायला काय? जुन्या उशीचा कापूस पिंजून, ऊन दाखवून भरावा. कापूस नसेल तर अगदी बारीक कातरण भरावी. ती कातरायचे काम मोठ्या मुलांना द्यावे, उन्हाळ्याची सुटी त्यासाठीच आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, दुपार मोठी असते, बाहेर ऊन मी म्हणत असते. खुळखुळ आवाज यावा म्हणून आत बिया भरायचा मोह होतो. गुंजा आणि एरंडाच्या बिया तर मुळीच घालू नयेत, दोन्ही जहाल विषारी. ज्वारी भरली तर विष नाही, पण शिवलेला उंदीर कुरतडायला रात्री खरा उंदीर येईल! आवाज हवाच असेल तर आत कडक कागदाची एक घडी घालावी. प्लॅस्टिक नको. शेवटी उघडे तोंड हाताने, दाट टाके घालून बंद करावे आणि दोरा गाठ मारून आत ओढून घ्यावा.

दुसरी वस्तू आमच्या मते सर्वांत उपयोगी, आणि शिवायला सर्वांत सोपी. जुन्या फुल शर्टाची बाही घ्यावी. कफ आणि बटण कापून टाकावे. बारा इंचांचा तुकडा ठेवून एक तोंड शिवावे, गच्च भरावे, दुसरे तोंड शिवावे. लोडासारखी ही गुंडाळी मोठे मांजर पुढच्या दोन पायांत मिठी मारून धरते आणि मागच्या पायांनी तिला लाथा झाडते. मुलाच्या मनगटाला ते हेच करत असते. मनगटाऐवजी बाही दिली की झाले.

चिंधीचा चेंडू आपल्याला नव्याने सांगायला नको. आपण सर्व त्याच्यावर लहानाचे मोठे झालो. फक्त आपण वरून सुतळी आवळत होतो, ते इथे करू नये. चिंध्यांचा गोळा जुन्या मोज्याच्या टोकात कोंबावा आणि मोजा शिवून बंद करावा. चेंडू मांजराच्या तोंडात पूर्ण मावणार नाही इतका मोठा, मोठ्या लिंबापेक्षा थोडा जास्त असावा.

शिवून झाल्यावर परीक्षा घ्यावी. उंदराची शेपटी एका हातात, डोके दुसऱ्या हातात धरून जोराने ओढावे. टीप उसवली तर ते खेळणे नापास.

आता दोऱ्याचे. या लेखातले हे एवढे जरी लक्षात राहिले तरी पुरे. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. म्हणून चाटताना तिची जीभ खरखरीत लागते. दोरा एकदा त्या काट्यांत अडकला की मांजराला तो थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा पोटाच्या तोंडाशी अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे जाते. आतडे पुढे ढकलायला जाते आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढावी तशा त्याला चुण्या पडतात. ताणलेला दोरा आतडे कापतो. दोऱ्याला सुई असेल तर विचारायलाच नको. म्हणून मांजर असलेल्या घरात रीळ उघडे ठेवू नये, सुया मोजून डबीत ठेवाव्यात आणि मशीनखालचा दोऱ्यांचा गुंता रोज झाडून टाकावा. मांजर खात नाही, सारखे ओकते, कोपऱ्यात दडून बसते असे दिसले तर तोंड उघडून जिभेखाली पाहावे. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. ओढला तर आतडे चिरते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना दोऱ्याची शंका स्पष्ट सांगावी.

म्हणूनच काडीला पट्टी बांधून खेळवायचे खेळणे आम्ही शेवटी सांगतो. ते मांजरांना सर्वांत प्रिय, पण मोठ्यांच्या नजरेखालीच वापरायचे. तासलेली बांबूची काडी घ्यावी. तुराटी किंवा पऱ्हाटी फवारलेल्या शेतातून आलेली असते, ती नको. काडीच्या टोकाला दोन बोटे रुंद, हातभर लांब सुती पट्टी घट्ट शिवावी. पट्टी मांजराच्या तोंडासमोर नाचवू नये. उंदीर कधी मांजराच्या तोंडापुढे येऊन नाचतो का? ती भिंतीच्या कडेने, मांजरापासून दूर सरकवावी, मध्येच थांबवावी, मशीनच्या पायामागे लपवावी. मांजर दबा धरते, मागचा भाग हलवते, झेपावते. अधूनमधून पट्टी त्याच्या हाती लागू द्यावी. दहा मिनिटांत ते दमते. मग चार घास खायला द्यावेत आणि काडी माळ्यावर ठेवून द्यावी.

इथे घरधनी विचारील, की मांजर असे खेळून दमले तर उंदीर कोण मारणार? प्रश्न चुकीचा नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर बारा आठवडे प्रयोग करून २०२१ साली त्याचे निष्कर्ष छापले. रोज पाच-दहा मिनिटे खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार पाव हिश्शाने कमी झाली. म्हणजे थोडा फरक पडतो खरा. पण मांजराच्या भरवशावर धान्य ठेवणेच मुळात चूक, असे आमचे मत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कचऱ्याच्या एका केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिले. तिथल्या मोकाट मांजरांनी एवढ्या दिवसांत दोनच मोठे उंदीर मारलेले त्यांना दिसले. तो अभ्यास २०१८ सालचा. आपल्याकडची घूस पाहून मांजर वाट बदलते, हे आपण डोळ्यांनी पाहतोच. लहान उंदरांचा बंदोबस्त मांजर करते. धान्यासाठी झाकणाची पत्र्याची कोठी हवी आणि बिळे बुजवायला हवीत. विषाच्या गोळ्या टाकू नयेत, विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही मरू शकते.

यावर चौथी-पाचवीतली मुले एक अवघड प्रश्न विचारतात. आपण रोज पंचशील म्हणतो, पहिलेच शील प्राणिहत्या न करण्याचे, मग घरात उंदीर मारणारे मांजर कसे पाळतो? आम्ही मुलांना एवढेच सांगतो, की शील आपण घेतले आहे, मांजराने घेतलेले नाही. त्यावर मुले पुन्हा प्रश्न विचारतात. विचारू द्यावेत. पण मांजर आडवे गेले म्हणून कामावर जाताना माघारी फिरणारा बाप असेल, तर आधी त्याला चार प्रश्न विचारावेत.

खेळण्यांची निगा फारशी नाही. सर्व एकदम बाहेर ठेवू नयेत. दोन द्यावीत, बाकी डब्यात ठेवावीत आणि आठवड्याने बदलावीत, म्हणजे जुना उंदीर नवा होतो. पंधरा दिवसांनी साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. फिनाईलच्या पाण्यात बुडवू नयेत, तेही मांजराला घातक. टीप उसवली, कापूस दिसू लागला की त्याच दिवशी पुन्हा शिवावे किंवा टाकून द्यावे.

आणखी एक गंमत. परदेशात मांजराच्या खेळण्यात कॅटनिप नावाची वाळलेली वनस्पती भरतात, तिच्या वासाने मांजरे लोळतात. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणाच्या कडेला, उकिरड्यापाशी खोकली नावाचे हातभर उंचीचे हिरवे झाड उगवते. ते उपटून ताजे मूळ मांजरासमोर ठेवले तर मांजर त्याला चाटते, घासते, त्यावर लोळण घेते. झाड जमिनीत उभे असताना मात्र ते तिकडे ढुंकून पाहत नाही. उघडे पडलेले मूळच लागते. शेताच्या बांधावरची खोकली घेऊ नये, तिथे फवारा उडालेला असतो. मुलांनी मूळ तोंडात घालू नये. अंगणातली एखादी, माती धुऊन, शिवलेल्या उंदराशेजारी ठेवून पाहावी.